माणिकबागेचे मेज आणि गोव्याचा मेस्त

इंदूर म्हटले की आपल्याला अहिल्याबाई आठवतात, राजवाडा आठवतो, सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली आठवते. माणिकबाग मात्र सहसा कुणाला आठवत नाही. मला ती आठवते ती लाकूडकामासाठी.

दुसरे यशवंतराव होळकर ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांची एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी ओळख झाली. १९३० ते १९३३ या काळात मुथेसियसने त्यांच्यासाठी इंदुरात माणिकबाग हा आधुनिक वाडा उभारला. बरेचसे सामान युरोपातून आले. महाराजांच्या अभ्यासिकेतले मेज पॅरिसच्या एमिल-जाक रुलमानचे, मकासार आबनुसाचे. हा रुलमान जडावकामात मोठा संयमी. काळसर लाकडावर हस्तिदंताची एखादी बारीक रेघ किंवा ठिपक्यांची ओळ, बस्स!

मराठी राजाने फर्निचर युरोपातून मागवले. पण त्याआधी तीनशे वर्षे गंगा उलटी वाहत होती. सतराव्या शतकात गोव्यात बनलेली टेबले आणि अनेक खणांची कपाटे, म्हणजे 'कोन्तादोर', पोर्तुगालला जात. सांगाडा सागवानी. त्यावर एकमेकांना छेदणारी वर्तुळे आखायची, नक्षीपुरताच भाग कोरायचा, त्यात आबनुसाचे तुकडे नेमके बसवायचे, हस्तिदंताच्या बारीक खुंट्या मारायच्या आणि सगळे घासून एका पातळीत आणायचे. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तुकडा सैल बसला तर निघालाच म्हणून समजा. पाय कोरायचे ते नागिणींच्या किंवा जलकन्यांच्या आकाराचे. गिऱ्हाईक फिरंगी, पण नागीण आपल्याच मातीतली!

पुढे काय झाले? १९८० मध्ये माणिकबागेतल्या वस्तूंचा मोनॅकोत लिलाव झाला. वाड्यात आता केंद्रीय करखात्याचे कार्यालय आहे. २०१९ मध्ये पॅरिसमध्ये यशवंतरावांच्या या संग्रहाचे प्रदर्शन भरले. वस्तू पांगल्या, पण रुलमानचे नाव टिकले. आमचे कोन्तादोर लंडन-लिस्बनच्या संग्रहालयांत आहेत. त्यांच्या पाटीवर 'गोवा' असते, मेस्ताचे नाव सहसा नसते.

ती जुनी नावे आता मिळायची नाहीत. पण मित्रहो, तुमच्या घरात आजोबांच्या वेळचे नक्षीचे टेबल असेल तर ते जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला देऊन टाकण्याआधी एक करा. कुठल्या गावच्या कुठल्या मेस्ताने ते केले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि टेबलाच्या खालच्या फळीवर लिहून ठेवा.