पात्यावरचा ठसा

इंग्रजीत खिशातल्या लहान चाकूला पेननाइफ म्हणतात. तिकडे पूर्वी पिसाने लिहीत, आणि पिसाचं टोक झिजलं की ते पुन्हा छाटायला हा चाकू लागायचा. आपल्याकडे बोरू होता आणि बोरूलाही चाकू लागायचाच. पेढीवरचा मुनीम असो, शाळेतले पंतोजी असोत, की मंदिरात बसून पोथी उतरवून काढणारा लेखनिक असो, बोरूची जीभ तिरपी छाटता आली नाही तर अक्षराला वळण येणार कुठून? तेव्हा घडीचा चाकू हे मारामारीचं नव्हे, लिहिण्याचं हत्यार. आमच्या बेळगावकडच्या जुन्या घरांतून अजूनही दौतीच्या पेटीत एखादा गंजलेला चाकू निघतो. पातं उघडून त्याच्या मुळाशी भिंग धरलं, तर कधी कधी तिथे इंग्रजी अक्षरं लागतात : शेफील्ड.

हे शेफील्ड उत्तर इंग्लंडमधलं गाव. डोंगरउतारावरून पाच नद्या येतात, त्यांवर पाणचक्क्या फिरवता येत. धार लावायच्या चाकांसाठी वालुकाश्म जवळपासच मिळे, कोळशासाठी रानं होती. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या एका गोष्टीत गिरणीवाल्याच्या अंगावर शेफील्डचा चाकू दाखवला आहे, म्हणजे तेव्हाही नाव झालेलं होतं. आणि नाव झालं की त्याची नक्कल करणारे आलेच.

१६२४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून तिथल्या कारागिरांची एक संस्था स्थापन केली, कंपनी ऑफ कटलर्स. कंपनी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नफा कमावणारी संस्था येते, तशी ही नव्हे. आपल्याकडे पूर्वी सोनारांची, कासारांची पंचायत असे, तशी ही चाकू, कात्र्या, विळे करणाऱ्यांची. तिची कामं मोजकीच होती. मुलाने सात वर्षं उमेदवारी केल्याशिवाय त्याला स्वतंत्र धंदा करू द्यायचा नाही. धारेला पोलादच वापरलं आहे का, हे पाहायचं. खोटा माल कुठे होतोय ते शोधायला तपासनीस नेमायचे. आणि चौथं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं : प्रत्येक कारागिराला त्याचा स्वतःचा ठसा द्यायचा आणि तो वहीत नोंदवून ठेवायचा.

ठसा म्हणजे शोभेची नक्षी नव्हे. पोलादाचा गुण डोळ्यांना दिसत नाही, ही चाकूच्या धंद्यातली मूळ अडचण आहे. साडी आपण चिमटीत धरून बघतो, तांदूळ दाताखाली धरतो, पितळी भांडं टिचकी मारून घेतो. पोलादाला पाणी बरोबर दिलंय की नाही, हे मात्र दुकानात उभं राहून कुणालाच सांगता येत नाही. पाणी जास्त झालं तर पात्याचा टवका उडतो, कमी झालं तर धार दोन दिवसांत बसते. दोन्ही पाती दिसायला सारखीच चकचकीत. गिऱ्हाईक फसतं ते इथे. ठशाने एवढंच होई, की महिन्याने पातं वाकलं तर ते कुणाच्या दारात नेऊन दाखवायचं, हे कळायचं. गुणवत्ता-नियंत्रण आणि ग्राहकसेवा हे शब्द तेव्हा नव्हते, पण दोन्ही गोष्टी त्या एवढ्याशा खुणेत मावलेल्या होत्या.

घडीच्या चाकूत तर पोलादापलीकडेही पुष्कळ असतं. दिसायला केवढासा, पण पातं, पाठीमागची स्प्रिंग, दोन्ही बाजूंचे पितळी पत्रे, वरची मूठ आणि हे सगळं शिवणाऱ्या बारीक पिना, इतकं एकमेकांत बसवायचं असतं. जाणकार आधी चाकू उजेडाकडे धरतो. स्प्रिंग आणि पत्रा यांच्या फटीतून उजेड दिसला तर बसवणी कच्ची. मग पाठीवरून नख फिरवतो. पातं उघडलेलं असो वा मिटलेलं, स्प्रिंग पाठीशी सपाट हवी, नखाला अडता कामा नये. मिटलेलं पातं आत दोन्ही बाजूंना न घासता मधोमध बसायला हवं आणि धार आत स्प्रिंगवर आपटता कामा नये, नाहीतर प्रत्येक वेळी मिटताना धार मरते. शेवटी तो चाकू कानाशी नेऊन मिटतो. चांगला चाकू 'टक्क' असा स्पष्ट बोलतो. इंग्रजी कारागीरही चाकू 'बोलतो' असंच म्हणतात. आपल्याकडे अडकित्ता घेताना बायका तो दोन-तीनदा रिकामाच वाजवून बघत, त्यातलाच हा प्रकार. कानाची परीक्षा पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. सात वर्षांची उमेदवारी लागे ती यासाठी.

पुढे ही पंचायत सैल झाली. १८१४ च्या कायद्याने उमेदवारीची सक्ती गेली, कुणीही यावं आणि चाकू करावेत. बीड ओतून केलेली पाती पोलादाची म्हणून खपवणारे निघाले. पाच वर्षांत, १८१९ मध्ये, आणखी एक कायदा करावा लागला : घण मारून घडवलेल्या पात्यावरच हातोड्याचं चित्र उमटवता येईल, ओतीव मालावर नाही. त्याच कायद्यात एक गमतीचं कलमही आहे. जो माल लंडनमध्ये किंवा त्याच्या आसपास झालेला नाही, त्यावर 'लंडन' असं उमटवायचं नाही! म्हणजे 'लंडन'च्या नावाला भाव जास्त म्हणून बाहेरचे कारागीर ते नाव बेधडक ठोकत होते. शेफील्डच्या नावाची चोरी झाली म्हणून पुढे तिथे जो आरडाओरडा झाला, तो वाचताना मला हे कलम हटकून आठवतं.

शेफील्डच्या सगळ्या ठशांत आपल्याकडे सर्वांत ओळखीचा झाला तो जोसेफ रॉजर्स अँड सन्स यांचा, एक चांदणी आणि तिच्याशेजारी माल्टी क्रूस. नॉरफोक स्ट्रीटवरचं त्यांचं दालन बघायला लांबून पाहुणे येत. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी त्यांनी ७५ पात्यांचा एक अजस्र चाकू केला होता. तो कुणी खिशात घालणार नव्हतंच, हात दाखवण्यासाठी केलेला. रॉजर्सचा माल हिंदुस्थानातही येई. आता बघा, ज्या गिऱ्हाइकाला इंग्रजी सोडा, कुठलीच लिपी वाचता येत नाही, त्यालाही चांदणी ओळखता येते. आपल्या बाजारात घोडा छाप, उंट छाप, हत्ती छाप म्हणून वस्तू मागतात, तेच तत्त्व. पण जे सहज ओळखता येतं ते सहज चोरताही येतं. 'जे. रॉजर्स अँड सन्स' अशी अक्षरं आपल्या चाकूंवर उमटवणाऱ्या नॉविल नावाच्या शेफील्डच्याच कारागिराला या मंडळींनी १८४० च्या दशकात कोर्टात खेचलं. नाममुद्रेच्या कायद्याच्या इतिहासात त्या खटल्याचं नाव अजून घेतात.

याच पेढीची दुसरी बाजू वाचताना मात्र मन खट्टू होतं. मुठींसाठी हस्तिदंत लागे आणि रॉजर्सच्या कोठारात हत्तींच्या सुळ्यांच्या राशीच्या राशी रचलेल्या असत. सांबराची शिंगं आपल्या देशातून जात. शिंग निदान झडून पडतं, सुळा झडत नाही. मुंगीलाही जपायला शिकवणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला, त्या उत्तम मुठीचं कौतुक करताना शब्द घशात अडकतो. चाकू निर्दोष आहे की नाही हे ठशाने कळे. तो कुणाच्या जिवावर निर्दोष झाला, हे ठसा सांगत नसे.

हे हत्तींपुरतंच नव्हतं. पात्याला धार लावणारे कारागीर दिवसभर दगडी चाकावर ओणवे बसत. कोरड्या चाकावरून दगडाची आणि पोलादाची धूळ उडे ती थेट छातीत जाई. ऐन तारुण्यात खोकून खोकून माणसं संपत. शेफील्डचे डॉक्टर कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ मध्ये या आजारावर पुस्तकच लिहिलं. त्याच्या वीस-एक वर्षं आधी अब्राहम नावाच्या तिथल्या एका शिक्षकाने धुळीतले पोलादाचे कण ओढून घेणारं चुंबकाचं साधन काढलं होतं. पण अशी साधनं आणि धूळ ओढून नेणारे पंखे धारवाल्यांनाच नको असत. धंदा सुरक्षित झाला तर आणखी माणसं येतील आणि मजुरी घसरेल, असा त्यांचा हिशेब असल्याचं त्या काळच्या लेखकांनी नोंदवून ठेवलं आहे. आयुष्य थोडं आणि मजुरी बरी, की मजुरी थोडी आणि आयुष्य बरं. गरिबाला असा सौदा करायला लावणाऱ्या धंद्याचा माल जगात पहिल्या नंबरचा होता.

चमचे-काट्यांना झळाळी आणायचं काम बायकांचं. त्यांना 'बफर गर्ल्स' म्हणत. फिरत्या चाकावर वाळू आणि तेल लावून त्या दिवसभर माल घासत. अंगावर पांढरा डगला, डोक्याला लाल फडकं, पुढे तपकिरी कागदाचा एप्रन, पायांना वर्तमानपत्रं गुंडाळून सुतळीने बांधलेली. संध्याकाळी आपादमस्तक काळ्या होऊन घरी जात. बोलायला फटकळ आणि गाण्यात पुढे, असा त्यांचा लौकिक होता. माल हातातून जाताना ओरखडा राहिला की सगळ्यात आधी यांनाच दिसणार. पण हे त्या धंद्यातलं शेवटचं काम आणि मान सगळ्यात कमी. घर आवरून ठेवणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जर्मनीतल्या झोलिंगेन गावाने शेफील्डला घाम फोडला. माल स्वस्त, आणि त्यातल्या पुष्कळशा मालावर चक्क 'शेफील्ड' उमटवलेलं. जर्मन मालाविषयी स्वतः जर्मनांनाच खात्री नव्हती. १८७६ च्या अमेरिकेतल्या प्रदर्शनाहून परतलेल्या रॉयलो या जर्मन तज्ज्ञाने 'आपला माल स्वस्त आणि वाईट' असा शेरा मारून स्वदेशात खळबळ उडवली होती. शेफील्डवाल्यांच्या तक्रारींचा रेटा वाढला आणि १८८७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला. परदेशी मालावर इंग्रजी नाव किंवा खूण असेल, तर तो कुठल्या देशात झाला हेही उमटवलंच पाहिजे. 'मेड इन जर्मनी' हे शब्द अशा रीतीने कपाळावर डाग म्हणून आले. झोलिंगेनवाल्यांनी काय केलं, तर माल सुधारला. काही वर्षांत गिऱ्हाईक तो डाग बघूनच चाकू मागू लागलं! पुढे १९३८ मध्ये जर्मनीने 'झोलिंगेन' या नावालाच कायद्याचं कुंपण घातलं. त्या गावात आणि ठरवून दिलेल्या आसपासच्या भागात घडलेल्या मालावरच ते नाव उमटवता येतं.

ठशामागे उभं राहायचं ते कसं, याचं मला आवडणारं उदाहरण स्वित्झर्लंडमधलं आहे. कार्ल एल्सनर या कारागिराने १८८४ मध्ये इबाख गावात कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. झोलिंगेनचा माल त्याच्याहून स्वस्त, त्यामुळे त्याचं जवळजवळ दिवाळं निघालं. तो टिकला आणि १८९७ मध्ये त्याने अधिकाऱ्यांसाठीचा तो प्रसिद्ध हलका चाकू काढला. १९०९ मध्ये आई वारली, तेव्हा तिचं व्हिक्टोरिया हे नाव त्याने मालाला दिलं. न गंजणारं पोलाद आल्यावर त्याला 'इनॉक्स' जोडून १९२१ मध्ये व्हिक्टोरिनॉक्स झालं. पोलादात आणि घडणीत दोष निघाला तर आयुष्यभर आमची जबाबदारी, असं ही पेढी आजही सांगते. आईचं नाव लावल्यावर दुसरं काय सांगणार?

अमेरिकेतल्या केस या पेढीची रीत आणखी वेगळी. १९७० मध्ये त्यांनी पात्याच्या मुळाशी ठशाखाली दहा ठिपके द्यायला सुरुवात केली आणि दरवर्षी एक ठिपका कमी केला. चाकू कुठल्या साली झाला ते ठिपके मोजून कळतं. पण तिथल्या जुन्या गिऱ्हाइकांची एक भीती ऐकण्यासारखी आहे. आजोबांचा चाकू दुरुस्तीला पाठवावा, आणि दुरुस्त होण्यासारखा नाही म्हणून पेढीने त्याऐवजी नवा कोरा धाडावा! पेढीच्या मते हा उदारपणा. पण त्या माणसाला चाकू हवा असतो तो आजोबांच्या अंगठ्याने मूठ गुळगुळीत झालेला. बदली वस्तू देणं सोपं असतं. आहे ती उघडून, पिना काढून, पुन्हा शिवायला हात लागतो आणि वेळ लागतो.

इथे तर तेवढंही नशिबात नाही. मध्यंतरी मी बाजारातून एक घडीचा चाकू आणला, दोन महिन्यांत पातं डुलायला लागलं. दुकानदार म्हणाला, "बाई, कंपनीचा माल आहे, आम्ही काय करणार?" कंपनी कोणती, ते पात्यावरही नव्हतं आणि खोक्यावरही नव्हतं. शेवटी धार लावायला सायकल घेऊन येणाऱ्या काकांनी पायरीवर बसून हातोडीने दोन ठोके दिले नि पिन घट्ट केली. पैसे घ्यायला तयार नव्हते. "ढिल्लं झालं तर परत आणा, मी शनवारी येतो," म्हणाले.

रॉजर्सचं नाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या हातातून त्या हातात विकलं गेलं. शेफील्डमध्ये भाड्याच्या एका खोलीत स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्या कारागिराला 'लिटल मेस्टर', धाकटा उस्ताद, म्हणत. त्यांतले आता बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. स्टॅन शॉ हे त्यांतले गाजलेले. कोवळ्या वयात उमेदवारीला लागले आणि २०२१ मध्ये, ९४ व्या वर्षी गेले. पातं, स्प्रिंग, मूठ सगळं एका हाताने करायचे. त्यांच्याकडे मागणी नोंदवली की कित्येक वर्षं थांबावं लागे, आणि लोक थांबत. शेवटची बरीच वर्षं त्यांची खोली तिथल्या संग्रहालयात होती. ज्याला चाकू हवा त्याने सरळ जाऊन उभं राहावं, म्हातारा समोर बसलेला असे, पात्यावर त्याचंच नाव.