आपण नसलो तरी गाडी चालूच असते

आमच्या गावातल्या एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये आठ कॉम्प्युटर होते. त्यांतल्या दोनांवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ होता. मी तेव्हा चौथीत. चुलतभाऊ क्लासला जायचा आणि मी त्याचं शेपूट म्हणून मागे. सर चहाला बाहेर पडले की आमचा पांढऱ्या कपड्यातला माणूस धावायला लागायचा. राजकन्येला सोडवायला त्याच्याकडे बरोबर ६० मिनिटं असायची. आम्हाला ती ६० मिनिटं कधीच मिळाली नाहीत. सर त्याआधीच परत यायचे.

हा गेम जॉर्डन मेकनर नावाच्या एका पोराने बनवला होता. पोराने म्हणजे, १९८९ साली गेम आला तेव्हा तो पंचविशीत होता, आजच्या माझ्यापेक्षा लहान. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याने त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेका फ्रेमवरून चित्रं उतरवली. म्हणून तो प्रिन्स कड्यावर लोंबकळतो तेव्हा आपल्या हाताला घाम येतो. हे सगळं बऱ्याच जणांना माहीत असतं. मला शाळेपासून माहीत होतं. पण त्यानंतर मेकनरने काय केलं, हा प्रश्न मला वीस वर्षांत एकदाही पडला नाही.

तो पडला गेल्या वर्षी. मी ज्या कंपनीत होतो तिथे आम्ही सात जणांनी दीड वर्ष खपून एक ॲप बनवलं होतं. लाँचच्या आधी मार्केटिंगची माणसं दुसरीकडे हलवली गेली. ॲप बाजारात आलं, कुणाला कळलं नाही आणि पाच महिन्यांनी सर्व्हर बंद. त्या रात्री टीममधला एक मित्र म्हणाला, “तुला ‘द लास्ट एक्सप्रेस’ माहितीय का? त्याच्यापुढे आपलं काहीच नाही.”

तर ‘द लास्ट एक्सप्रेस’. ‘प्रिन्स’ आणि त्याचा दुसरा भाग झाल्यावर मेकनरने १९९३ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ‘स्मोकिंग कार प्रॉडक्शन्स’ नावाचा स्टुडिओ काढला. टोमी पियर्सबरोबर गोष्ट लिहिली. चार वर्षं आणि ५० लाख डॉलरच्या वर पैसे गेले. भावाला पळवून जे केलं होतं तेच आता मोठ्या प्रमाणावर: खरे नट, १९१४ सालचे कपडे, निळा पडदा, आणि मग फ्रेमवरून उतरवलेली चित्रं. ती त्या काळातल्या पोस्टरसारखी दिसतात, काळ्या रेषा आणि सपाट रंग. गाडीचे डबे हुबेहूब हवेत म्हणून या लोकांनी अथेन्सच्या रेल्वे यार्डात पडलेला ओरिएंट एक्सप्रेसचा जुना स्लीपर डबा शोधून काढला आणि त्यावरून गेममधला डबा उभा केला. क्लायंटने मागितलं नसताना इतकं करणारी माणसं मला फार आवडतात. त्यांची पुढे वाट लागते, हेही मला माहीत आहे.

गोष्ट अशी. २४ जुलै १९१४ची संध्याकाळ. पॅरिसहून ओरिएंट एक्सप्रेस कॉन्स्टँटिनोपलला निघाली आहे. आपण रॉबर्ट कॅथ, एक अमेरिकन डॉक्टर, पोलीस मागे लागलेले. धावत्या गाडीत चढून मित्राच्या कूपेमध्ये जातो, तर मित्र मरून पडलेला. आता प्रेताचं काहीतरी करा, त्याचा कोट घाला आणि त्याच्या नावाने प्रवास करा. गाडीत शस्त्रांचा जर्मन व्यापारी आहे, व्हायोलिन वाजवणारी ऑस्ट्रियन बाई आहे, म्हातारा रशियन काउंट आणि त्याची नात आहे, सर्बियन क्रांतिकारक आहेत, एक फ्रेंच कुटुंब आहे आणि त्यांचं वात आणणारं पोरगं आहे.

तारीख उगाच निवडलेली नाही. आदल्याच दिवशी, २३ जुलैला, ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला होता. मुदत ४८ तास. म्हणजे गाडी सुटून एक दिवस होत नाही तोच ती मुदत संपते. २८ तारखेला युद्ध जाहीर होतं आणि चार वर्षांत हा सगळा नकाशाच बदलून जातो. डब्यातल्या लोकांना यातलं काही माहीत नाही. ते जेवणाच्या डब्यात बसून राजकारणावर वाद घालतात, आपल्याकडे गाडीत घालतात तसाच. फरक इतकाच की त्यांच्यापैकी बहुतेकांचं जग आठवडाभरात संपणार आहे आणि ते फक्त आपल्याला माहीत आहे.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. या गेममध्ये घड्याळ थांबत नाही. ते खऱ्या वेळेच्या सहापट वेगाने पळतं आणि सुमारे ३० प्रवासी आपापल्या वेळेनुसार वागतात. कोण केव्हा उठेल, जेवायला जाईल, कॉरिडॉरमध्ये कुणाला थांबवून काय कुजबुजेल, हे आपण तिथे असण्यावर अवलंबून नाही. नेहमीच्या गेममध्ये पात्रं आपली वाट बघत उभी असतात. आपण गेलो की बोलतात, निघालो की पुतळे. इथे उलट. आपण एका दाराला कान लावून उभे असतो तेव्हा तिसऱ्या कूपेमध्ये काहीतरी घडून जातं आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रोग्रामर म्हणून सांगतो, हे तपासायला किती त्रासदायक असेल याच्या विचारानेच मला धडकी भरते. खेळणाऱ्याने काय केलं यावर ३० जणांचं वेळापत्रक बदलतं, आणि त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी बहुतेकांना दिसणारच नाहीत अशा.

त्यात भाषेची गंमत. प्रवासी आपापल्या भाषेत बोलतात. कॅथला जी भाषा येते तिचंच भाषांतर खाली दिसतं. जी येत नाही तिचा नुसता आवाज. दोन माणसं आपल्यासमोर काहीतरी गंभीर बोलतायत आणि आपण खिडकीबाहेर बघितल्यासारखं करतोय. चेन्नई एक्सप्रेसच्या स्लीपरमध्ये बसलेल्या कुणालाही हे नवीन नाही.

चुकलं तर? घड्याळ मागे फिरवायचं. नेहमीसारखं गेम सेव्ह करणं नाहीच. मेलात, पकडले गेलात, की घड्याळाचे काटे उलटे नेऊन आधीच्या स्टेशनापासून पुन्हा सुरू. २००३ साली ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ आला आणि वेळ मागे नेणाऱ्या खंजिराचं जगभर कौतुक झालं. आमच्या पिढीने तो खंजीर कॉलेजच्या हॉस्टेलवर मनसोक्त वापरला. त्याची गोष्ट लिहिणारा मेकनरच. पण वेळ उलटी फिरवणं हा खेळाचा कणा करून त्याने सहा वर्षं आधीच दाखवलं होतं. कुणी बघितलं नव्हतं, इतकंच.

कारण एप्रिल १९९७मध्ये ‘लास्ट एक्सप्रेस’ आला त्याच्या काही आठवडे आधी ब्रॉडरबंड या प्रकाशक कंपनीतली मार्केटिंगची सगळी टीम नोकरी सोडून गेली होती. जाहिरात जवळपास शून्य. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, दुकानात माल नाही. जवळजवळ तयार झालेली प्लेस्टेशनची आवृत्ती रद्द झाली. पुढच्या वर्षी ब्रॉडरबंडच दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. सगळा मिळून खप साधारण १ लाख प्रती. खर्च भरून निघण्याच्या जवळपासही नाही.

गुणवत्ता असली की आज ना उद्या कळतेच, असं आपल्याला लहानपणापासून सांगतात. मला ते आता पटत नाही. ‘प्रिन्स’सुद्धा सुरुवातीला खपला नव्हता. तो आला तेव्हा ॲपल टू या मशीनचे दिवस भरत आले होते. पण मग तो एकामागून एक दुसऱ्या मशीन्सवर गेला आणि त्यातलाच एक फिरत फिरत आमच्या एमएस-सीआयटीच्या क्लासपर्यंत आला. म्हणजे ‘प्रिन्स’ची पहिली गाडी चुकली तरी त्याला दुसरी मिळाली. ‘एक्सप्रेस’ची दुसरी गाडी रद्द झाली. दोन गेममधला फरक मला तरी एवढाच दिसतो.

अगदी एवढाच नाही, हेही मान्य करतो. ‘एक्सप्रेस’ सोपा नाही. पात्रं सलग हलत नाहीत, एका चित्रातून दुसऱ्या चित्रात विरघळत जातात. पहिली दहा मिनिटं मला वाटलं मोबाइल हँग झालाय. मारामारीचे प्रसंग तर वैताग आणतात. आणि १९९७ हे ‘गोल्डनआय’ आणि ‘फायनल फँटसी सेव्हन’चं वर्ष. तिथे म्हाताऱ्या काउंटचं बोलणं ऐकत कोण बसणार?

पुढे हक्क या कंपनीकडून त्या कंपनीकडे फिरत राहिले. २०१२मध्ये तो आयफोनवर आला, वर्षभराने अँड्रॉइडवर. त्याच २०१२ साली आणखी एक गंमत झाली. मेकनरच्या वडिलांना घरात एक खोकं सापडलं. त्यात ‘प्रिन्स’च्या मूळ कोडच्या हरवलेल्या फ्लॉपी होत्या. जाणकारांनी तो कोड वाचवला आणि गिटहबवर टाकला. मी तो उघडून बघितलाय. फारसं कळलं नाही, पण बरं वाटलं.

हे वडील, फ्रान्सिस मेकनर, मूळचे व्हिएन्नाच्या ज्यू घरातले. १९३८ साली नाझी आले तेव्हा ते लहान होते, आणि त्यांना घर सोडून पळावं लागलं. आजोबा पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात होते. मेकनरने हे सगळं ‘रीप्ले’ या चित्रकथेत सांगितलं आहे. ते वाचल्यावर मला कळलं की व्हिएन्नावरून जाणारी ती गाडी त्याच्यासाठी नुसती रहस्यकथेची जागा नव्हती. युद्धाआधीचे तीन दिवस त्याने घरातूनच उचलले होते.

गेममध्ये एक मैफल आहे. क्रोनोस नावाचा श्रीमंत माणूस स्वतःच्या खाजगी डब्यात प्रवाशांना बोलावतो. तो पियानोवर, व्हायोलिनवर ॲना. शहाणा खेळाडू मधूनच उठतो, कारण सगळे इथे असल्यामुळे बाकीच्या कूपे मोकळ्या असतात आणि तेव्हाच झडती घेता येते. पहिल्यांदा मीही उठलो होतो. दुसऱ्यांदा खेळताना बसून राहिलो. काउंट होता, त्याची नात होती, शस्त्रांचा व्यापारी होता. घड्याळ पळत होतं, करायचं ते सगळं राहून जात होतं. वाजवणं संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि एकेक करून आपापल्या डब्यात निघून गेले. मी काटे मागे फिरवले, पण लगेच नाही.