झाडाची साल आणि तीस वर्षं

 

आज इतिहास सांगणार आहे, पण राजा-महाराजांचा नाही. एका औषधाचा. त्याला कारण आमच्या गटातल्या एक काकू. त्यांचं नाव सांगत नाही. त्यांना विचारूनच ही गोष्ट सांगते.

दोन वर्षांपूर्वी काकूंचं पोट फुगायला लागलं. दोन घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं. मीच म्हटलं होतं, "काकू, गॅस असेल, ओवा खा." मग कुणीतरी झाडपाल्याचा काढा आणून दिला. तो त्या तीन महिने पीत राहिल्या. शेवटी सोनोग्राफी झाली, पुढच्या तपासण्या झाल्या आणि अंडाशयाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, मग केमोची सलाईन सुरू झाली. मी सोबतीला जायची. एकदा सिस्टर बोलता बोलता म्हणाल्या, "हे औषध मुळात झाडाच्या सालीतलं." काकू माझ्याकडे वळल्या. "मग माझा काढा काय वाईट होता गं? तोही सालीचाच होता."

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचत बसले. जे समजलं ते आज सांगते.

औषधाचं नाव पॅक्लिटॅक्सेल. जुनं नाव टॅक्सॉल. १९६० साली अमेरिकेच्या सरकारने ठरवलं की, झाडाझुडपांत कर्करोगावर काही सापडतं का ते पाहायचं. पुढच्या वीसेक वर्षांत एक लाखाहून जास्त अर्क तपासले गेले. त्यातलाच एक नमुना ऑगस्ट १९६२ मध्ये आर्थर बार्कले या वनस्पतीतज्ज्ञाने वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून आणला. झाड होतं पॅसिफिक यू. तिथले लाकूडतोडे त्याला कवडीची किंमत देत नसत. मोठी झाडं तोडली की पालापाचोळ्याबरोबर यूसुद्धा जाळून टाकत.

सालीचा अर्क प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींवर घातला, तर पेशी मरायला लागल्या. पण सालीत शेकडो घटक असतात. त्यातला नेमका कोणता काम करतो? ते शोधायचं काम नॉर्थ कॅरोलिनातल्या दोघांनी केलं. एक मन्रो वॉल आणि दुसरे मनसुख वाणी. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, जन्म १९२५ चा! मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले होते. आपण ताक घुसळून लोणी वेगळं करतो ना, तसं त्यांनी अर्क पुन्हा पुन्हा वेगळा केला. दर वेळी कुठला भाग पेशी मारतो ते पाहिलं आणि बाकीचा बाजूला ठेवला. असं करत शुद्ध पदार्थ हाती आला. त्याची रचना त्यांनी १९७१ मध्ये जगापुढे मांडली.

आता वाटेल, झालं, औषध मिळालं. पण तसं झालं नाही. पदार्थ मिळायचा चिमूटभर, तोही पाण्यात विरघळेना. बऱ्याच शास्त्रज्ञांनी नाद सोडला.

१९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सुसान हॉरविट्झ या बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी टॅक्सॉल पेशीत नेमकं काय करतं ते दाखवलं. ते मी काकूंना मांडवाच्या उदाहरणाने सांगितलं. एका पेशीच्या दोन होताना आत बारीक धाग्यांचा मांडव उभा राहतो. काम झालं की तो सुटतो. टॅक्सॉल त्या मांडवाच्या गाठी सुटूच देत नाही. मांडव अडकला की पेशीचं दोन होणं अडतं आणि ती मरते. कर्करोगाच्या पेशी सारख्या वाढत असतात, म्हणून त्यांना हा दणका जास्त बसतो. पण केसांच्या मुळाशी आणि हाडांतल्या मगजात, जिथे रक्त तयार होतं, तिथेही पेशी भराभर वाढतात. म्हणून केस गळतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. हातापायांना मुंग्याही येतात. काकूंना हे सगळं झालं.

१९८४ मध्ये माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. सुरुवातीला काही रुग्णांना जोराची ॲलर्जी आली. मग आधी ॲलर्जीचं औषध द्यायचं आणि सलाईन हळूहळू सोडायची, हे ठरलं. १९८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी अंडाशयाच्या कर्करोगाच्या ४० बायकांचे निकाल मांडले. त्यांच्यावर आधीची औषधं चालेनाशी झाली होती. त्यांतल्या १२ जणींच्या गाठी कमी झाल्या. बाकीच्यांच्या नाही झाल्या, हेही त्यांनी लपवलं नाही. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत या औषधाला मंजुरी मिळाली. साल तोडल्यापासून तीस वर्षांनी.

पुढचा प्रश्न झाडांचा होता. एक किलो औषधासाठी सुमारे दहा हजार किलो साल लागायची. साल सोलली की झाड मरतं आणि यू फार सावकाश वाढतो. जंगल वाचवायचं की बाई, असा पेच पडला. मग फ्रान्सच्या पिएर पोतिए यांनी वाट काढली. युरोपातल्या यूच्या पानांतून जवळचा पदार्थ काढायचा आणि त्यापासून औषध बनवायचं. पानं पुन्हा फुटतात, झाड जगतं. अमेरिकेत रॉबर्ट होल्टन यांनी ही रीत आणखी सोपी केली. आपल्या हिमालयातही यूची एक जात आहे. तिकडे तिला थुनेर म्हणतात. साल आणि पानं ओरबाडल्याने ती आज धोक्यात आहे.

काकूंना या औषधासोबत आणखी एक दिलं जायचं, कार्बोप्लॅटिन. ते कुठल्याच झाडात नाही, प्लॅटिनम धातूपासून बनवतात. झाडाचं आणि धातूचं, दोन्ही एकाच दिवशी एकाच नसेतून जात होती. पेशीला कुठलं औषध नैसर्गिक आणि कुठलं रासायनिक, ते कळत नाही. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असंही नाही. याच यूची पानं खाऊन जनावरं दगावतात. त्यातलं विष हृदय बंद पाडतं. आणि प्रयोगशाळेतल्या बशीत हळदीच्या अर्कानेही कर्करोगाच्या पेशी मरतात. म्हणून हळदीचं दूध पिऊन पोटातली गाठ जात नाही, कारण हळदीतला तो घटक पोटातून रक्तात फारच थोडा उतरतो.

तेव्हा काकूंच्या प्रश्नाचं उत्तर हे. साल वाईट नव्हती. पण त्या काढ्यात काय आहे, किती आहे आणि कुणाला किती सोसतं, हे कुणी तपासलं नव्हतं. वाणींच्या सालीचं ते तपासायला तीस वर्षं गेली.

काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि तुझा ओवा?"

मी मान खाली घातली. ओव्याने अपाय झाला नाही, पण दिवस गेले. म्हणून आता आमच्या गटात ठरलंय. पोट फुगलेलं राहणं, थोडं खाऊन पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवीला लागणं, यातलं काही नव्याने सुरू झालं आणि दोन-तीन आठवडे टिकलं, तर आशाताईंना सांगायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. पाळी गेलेल्या बायकांनी तर नक्कीच. गाडीभाड्याला पैसे नसतील तर गटातून उचल मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा. आणि काढा चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. काही काढे केमोच्या औषधांशी जुळत नाहीत.

काकूंची तपासणी दर तीन महिन्यांनी चालू आहे. केस परत आलेत, आधीपेक्षा कुरळे. गेल्या बैठकीत हिशोबाची वही त्यांनीच लिहिली.

पुढच्या महिन्यात भेटू. तोवर काळजी घ्या.