ट्रेलर जोडणी आणि भारवितरण

ट्रेलर जोडणी म्हणजे ओढणारे वाहन व ट्रेलर यांना सांधणारी आणि वळताना किंवा चढ-उतारावर दोन्ही भागांना स्वतंत्रपणे हलू देणारी यंत्रणा होय. ट्रेलरच्या भाराचा काही हिस्सा या जोडणीतून पुढील वाहनावर येतो. तो किती व नेमका कोठे पडतो, यावर स्टिअरिंगचा ताबा, ब्रेकची परिणामकारकता आणि वाहनाचे स्थैर्य अवलंबून असते. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात अशा वाहनांची मोठी वर्दळ आहे. तेथील जवाहरलाल नेहरू बंदर (न्हावा शेवा) २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. करळ फाटा, जासई, गव्हाण फाटा या मार्गांवर कंटेनर वाहून नेणारे ट्रेलर अहोरात्र दिसतात.

== तत्त्व ==
बैलगाडी भरताना हाच प्रश्न येतो. माल पुढे जास्त झाला तर गाडी धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर ओझे येते. मागे जास्त झाला तर ती उलाळ होऊन जू वर उचलले जाते. मोटारवाहनात बैलांच्या मानेऐवजी ॲक्सल असतात, तरफेचा नियम तोच राहतो.

मोटारीच्या मागे गोळ्याच्या जोडणीने ट्रेलर लावल्यास भार मागील ॲक्सलच्याही मागे पडतो. मागील ॲक्सल टेकू बनतो व पुढील चाके हलकी होतात. उदाहरणार्थ, जोडणीवर २५० किलो भार, तो मागील ॲक्सलपासून १.२ मीटर मागे आणि दोन ॲक्सलमधील अंतर २.८ मीटर असेल, तर पुढील ॲक्सलवरून सुमारे १०७ किलो भार कमी होतो व मागील ॲक्सलवर सुमारे ३५७ किलो वाढतो.

== भारवितरण हिच ==
हा दोष कमी करण्यासाठी जोडणीपासून ट्रेलरच्या सांगाड्यापर्यंत दोन स्प्रिंग दांडे ताणून बसवतात. ताणामुळे भाराचा काही भाग पुढील ॲक्सलकडे व काही ट्रेलरच्या ॲक्सलकडे वळतो. दांड्यांची निवड जोडणीवर प्रत्यक्ष येणाऱ्या भारावरून करतात. हा भार सामान्यतः ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवला जातो. बसवताना सपाट जागी पुढील चाकावरील कमानीची उंची तीनदा मोजतात: ट्रेलर न जोडता, जोडून, आणि दांडे ताणल्यावर. तिसरे माप पहिल्याच्या जवळ आणणे हा उद्देश असतो. वाहनाची ओढण्याची मर्यादा मात्र या साधनाने वाढत नाही. प्रवासी कॅरव्हान ओढण्याची रीत रुळलेल्या उत्तर अमेरिकेत ते प्रचलित आहे. भारतात क्वचितच आढळते.

== फिफ्थ व्हील ==
कंटेनर ट्रेलरना या हिचची गरज नसते. त्यांची जोडणी म्हणजे ट्रॅक्टरच्या मागील ॲक्सलच्या किंचित पुढे बसवलेली, ग्रीस लावलेली पोलादी तबकडी. तिच्या जबड्यात ट्रेलरची किंगपिन अडकते. भार दोन ॲक्सलच्या दरम्यान पडत असल्याने पुढील चाके उचलली जात नाहीत. ‘पाचवे चाक’ हे नाव घोडागाडीच्या पुढील ॲक्सलवरील फिरत्या चकतीवरून आले. किंगपिनचा प्रचलित व्यास ५०.८ मिलिमीटर असून अतिजड वाहतुकीसाठी सुमारे ९० मिलिमीटरची पिन वापरतात.

जोडल्यावर ट्रेलरचे ब्रेक लावून ट्रॅक्टर हलकेच पुढे ओढून पाहतात. एवढे पुरेसे नाही. ट्रेलर उंच राहिला असेल तर पिन जबड्यात न शिरता वरच अडकते. ओढून पाहिल्यावर जोडणी पक्की वाटते आणि रस्त्यावर सुटते. म्हणून खाली वाकून, बॅटरीच्या उजेडात जबडा पिनभोवती मिटला आहे आणि तबकडी व ट्रेलर यांत फट नाही, हे डोळ्यांनी पाहणे अत्यावश्यक ठरते.

== कंटेनरची जागा ==
४० फुटी ट्रेलरवर एकच २० फुटी कंटेनर ठेवताना जागेची निवड निर्णायक असते. किंगपिन व ट्रेलरच्या ॲक्सलसमूहाचा मध्य यांत ८ मीटर अंतर आणि कंटेनरचे वजन २४ टन धरू. कंटेनरचा मध्य किंगपिनपासून २ मीटरवर असल्यास पिनवर १८ टन, ५ मीटरवर असल्यास ९ टन, तर ८ मीटरवर असल्यास जवळजवळ शून्य भार येतो. पहिल्या स्थितीत ट्रॅक्टरचे मागील ॲक्सल मर्यादेबाहेर जाऊ शकतात. शेवटच्या स्थितीत गाडी उलाळ होते व ओढणाऱ्या चाकांची पकड सुटते. भारतात २०१८ मध्ये वाढवलेल्या मर्यादांनुसार चार टायरच्या एका ॲक्सलवर ११.५ टन, जोड ॲक्सलवर २१ टन आणि ट्रेलरच्या तीन ॲक्सलच्या समूहावर २७ टन भार चालतो. चारही कोपऱ्यांचे ट्विस्टलॉक बंद नसतील, तर वळणावर कंटेनर ट्रेलरवरून घसरून पडू शकतो.

१ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार निर्यातीच्या भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन जहाजावर चढवण्यापूर्वी कळवणे बंधनकारक आहे. त्या आकड्यावरून एकूण वजन समजते. बंद दाराआड माल कोणत्या टोकाला रचला आहे, हे समजत नाही.