करंट कुठं अडला

चाकूरच्या बसस्टँडसमोर कुणाची मोटारसायकल बंद पडली की चार माणसं भोवती जमतात आणि त्यांतला एक जण हमखास विचारतो, "प्लग काडून बगितला का? करंट हाय का?" टाकीत पेट्रोल आहे का, हे त्याच्या नंतर. ही सवय आजची नाही. आमच्या भागात फटफट्या बोटांवर मोजाव्या इतक्या होत्या, त्या काळातली ती आहे.

चाकूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लातूर वेगळा जिल्हा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ ला. गावातून लातूर-नांदेड रस्ता जातो, त्यावर एसटी. रेल्वे पाहिजे तर लातूर रोड स्टेशन गाठायचं. बाकी सायकल नाहीतर बैलगाडी. फटफटी असायची ती डॉक्टरकडं, ग्रामसेवकाकडं, एखाद्या मास्तराकडं, नाहीतर दूधवाल्याकडं. राजदूत तर दुधाच्या कॅनसाठीच जन्माला आली असावी असं मला लहानपणी वाटायचं. बुलेट आली की लोक आधी पोलीस आहे का बघायचे. आणि तिसरी जावा. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून ती बनू लागली, पुढं तिचंच नाव येझदी झालं आणि १९९६ ला तो कारखाना बंद पडला.

आमच्या अण्णांनी एक जुनी जावा घेतली होती, दोन मालक फिरून आलेली. अण्णा प्राथमिक शाळेत शिक्षक. गाडीची चावी म्हणजे हेडलाइटच्या डोक्यावर खुपसायचा एक खिळा. चावी हरवली तर साधा खिळा घालूनही गाडी चालू होई. चोरांची चांगलीच सोय, पण तेव्हा चोरून नेऊन ती विकणार कुणाला?

या गाडीत करंट कुठून कुठं जातो हे अण्णांनी मला पाटीवर काढून दाखवलं होतं. सहा व्होल्टच्या बॅटरीतून करंट निघतो, चावीतून कॉईलमध्ये जातो, कॉईलमधून पॉईंटमध्ये, आणि पॉईंट मिटलेला असेल तर तिथून गाडीच्या लोखंडात, म्हणजे अर्थला. इंजिन फिरताना पॉईंट क्षणभर उघडतो. वाहता करंट एकदम तुटतो आणि त्या धक्क्यानं कॉईलच्या दुसऱ्या, बारीक तारेच्या वेढ्यात सहा व्होल्टचे दहा-पंधरा हजार व्होल्ट उठतात. तेच प्लगच्या टोकाशी ठिणगी होऊन उडी मारतात. तत्त्व फॅरडेचं, १८३१ सालचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं बॅटरी, कॉईल आणि पॉईंटची ही जोडणी १९१० च्या कॅडिलॅक मोटारीसाठी तयार केली. तीच आमच्या दारातल्या जावात होती. फरक एवढाच की कॅडिलॅकवाल्याला पॉईंट घासायला नोकर असावा, आमच्याकडं मी होतो.

पॉईंटमधली फट साधारण ०.४ मिलिमीटर लागते. ती मोजायची पट्टी गावात एखाद्याकडंच. बाकीचे काडीपेटीचा पुठ्ठा सरकवून अंदाज घ्यायचे. पॉईंट काळा पडला की पॉलिश पेपरनं घासायचा. फार लवकर जळायला लागला की कंडेन्सर गेला म्हणायचं. सगळं उघड्यावर, डोळ्याला दिसणारं.

१९७२ ला आलेल्या लुनाचं बरं होतं. तिच्या प्लगला बॅटरी लागतच नव्हती. चाकातला मॅग्नेट फिरला की तो स्वतःच करंट तयार करी. लुनावाले आम्हाला म्हणायचे, "मास्तर, तुमच्या घोड्याला बॅटरीचा खुराक लागतो, आमचं शेरडू कशावरही जगतं."

गावातली माणसं हे इतक्या लवकर कशी शिकली, याचं उत्तर मला गॅरेजमध्ये नाही, विहिरीवर सापडतं. मोटारसायकलीच्या आधी लोकांच्या हाताखाली पाण्याची मोटार आली होती. फ्यूज उडाला, स्टार्टरचा कॉन्टॅक्ट जळाला, फेज गेली, केबल कुठं सोलली, हे रात्री-बेरात्री बॅटरीच्या उजेडात शोधायची सवय शेतकऱ्याला आधीच लागली होती. होल्डरमध्ये बल्ब आणि त्याला दोन वायरी, हा झाला टेस्टलॅम्प. शेवटापासून एकेक जागी तो लावत मागं यायचं. बल्ब जिथं पेटला तिथवर करंट आहे, त्याच्या पुढं कुठंतरी अडलाय. विहिरीवरची हीच पद्धत त्यांनी लहान बल्ब लावून फटफटीवर आणली. आमच्या गावातल्या पहिल्या मिस्त्रींपैकी एक जण तर मोटार भरायचंच काम करायचा. कॉईलचे वेढे त्याला नवे नव्हते.

पुढं १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली आणि नव्वदच्या दशकात, विशेषतः १९९४ च्या स्प्लेंडरनंतर, लग्नाच्या बोलणीत सुद्धा गाडीचं नाव निघू लागलं. मुलीच्या बापांनी त्यापायी काय काय विकलं तो वेगळा विषय आहे, आणि सुखाचा नाही. या गाड्यांत पॉईंटच्या जागी सीडीआय होती. काडीपेटीएवढी काळी डबी, आत राळ ओतून बंद केलेली. घासायला काही नाही, उघडायला काही नाही. ती गेली का राहिली हे बघायचा एकच मार्ग, दुसऱ्याच्या गाडीची काढून लावायची. जुने मिस्त्री यावर नाराज असायचे. पण सीडीआय खरी जाते ती क्वचित. तिच्या नावावर खपतात त्यातल्या बऱ्याच गाड्यांची किल स्विचमध्ये माती असते, कपलर सैल असतो, नाहीतर कडब्याच्या गंजीतल्या उंदरानं वायर कुरतडलेली असते. सेल्फच्या गाड्या आल्या आणि बॅटरीचं महत्त्व परत वाढलं. आराम केलेली, भरलेली बारा व्होल्टची बॅटरी मीटरवर १२.६ च्या आसपास दाखवते. गाडी चालू करून रेस दिल्यावर तोच काटा साडेतेरा-चौदाच्या पुढं गेला नाही तर बॅटरीला शिव्या देण्यात अर्थ नाही, चार्जिंगकडं बघायचं. आमच्याकडं बॅटरीत बोअरचं पाणी ओतणारे महाभाग होते. त्या क्षारांनी आतल्या प्लेटा खलास व्हायच्या आणि दोष दुकानदाराला.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्बोरेटर गेला. आता पेट्रोलचा पंप सुद्धा बॅटरीवर चालतो, त्यामुळं बॅटरी पार मेली तर नुसती किक हाणून उपयोग होत नाही. पोरं स्कॅनर लावतात. तरीही ती पहिल्यांदा फ्यूज बघतात, मग अर्थ. अर्थ म्हटलं की मला मात्र ३० सप्टेंबर १९९३ ची सकाळ आठवते.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून सगळे उशिरा झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमच्या माळवदाची माती अंगावर पडली, भिंतीला चीर गेली, पण घर उभं राहिलं. सगळी गल्ली रस्त्यावर आली. उजाडता उजाडता लातूरकडून बातमी आली की किल्लारीच्या बाजूला गावंच्या गावं बसली. ताई त्याच बाजूला दिलेली होती. ऐंशीएक किलोमीटरचा रस्ता.

अण्णांनी जावा ओसरीतून बाहेर काढली. किक मारली. काही नाही. दहा-बारा मारल्या. हॉर्न दाबला तर घसा बसल्यासारखा आवाज. हेडलाइटमध्ये नुसती लाल तार दिसली. अण्णांनी प्लग काढला, इंजिनच्या पात्याला टेकवला आणि मला किक मारायला सांगितलं. ठिणगी नाही. उजव्या बाजूचं झाकण काढून पॉईंट पेचकसानं उघडून बघितला. तिथंही बारीकशी सुद्धा चमक नाही. म्हणजे करंट पॉईंटपर्यंत पोचतच नव्हता. आई मागून म्हणत होती, "अवो, एसटीनं जावा, ट्रकनं जावा, पर जावा." अण्णा बोलत नव्हते. कॉईलपाशी गेले, मग चावीपाशी. मी तोवर गप्प होतो. बॅटरी कुठं अडलीय ते मला माहीत होतं.

गणपतीच्या शेवटच्या दोन रात्री लाइट गेली तेव्हा मखरातले टॉर्चचे बल्ब पेटवायला मीच ती बॅटरी काढली होती. पार पिवळी होईपर्यंत ते बल्ब चालवले आणि अण्णांना कळू नये म्हणून घाईनं परत बसवली. पाना सापडला नाही, नट बोटांनीच फिरवले.

अण्णांनी बाजूचा डबा उघडला. अर्थच्या वायरीला हात लावला तर ती हातातच आली. टोकाला पांढरा भुगा. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "दहा-अकराचा पाना आण."

घरात जायला सगळे भीत होते, म्हणून आईनं अंगणातच तीन दगडांची चूल मांडली होती. तिच्यावरचं चहाचं आधण अण्णांनी बॅटरीच्या टोकांवर ओतलं. भुगा विरघळला. वायरीचं टोक घासलं, जिथं ती चेसीला बसते तिथला रंग आणि गंज खरवडला, नट आवळला. आता प्लगला ठिणगी दिसली, पण तांबूस, मरतुकडी. बॅटरीत जीवच नव्हता. मग गल्लीतल्या चौघांनी गाडी वेशीच्या उतारावर नेली आणि दुसऱ्या गिअरमध्ये ढकलली. डायनामोला फिरवायला वेग लागतो. तिसऱ्या खेपेला ती धरली.

पुन्हा बंद पडली तर ढकलायला कुणीतरी पाहिजे म्हणून अण्णांनी मला मागं बसवलं. लातुरात, औशात कुठंही त्यांनी गाडी बंद केली नाही. थांबले तरी रेस देत राहिले, कारण इंजिन मंद चाललं की हा डायनामो बॅटरी भरत नाही. रस्त्यानं आमच्यासारखेच लोक जात होते, ट्रॅक्टरमधून, टेंपोतून, पायी.

ताईच्या गावात रस्ता कुठं होता ते कळत नव्हतं. दगड-मातीच्या जाड भिंतींची घरं होती, त्यांचे ढीग. अण्णा वेशीतही गाडी चालूच ठेवून उभे राहिले. तेवढ्यात ढिगाऱ्यावर वाकलेला एक माणूस आमच्याकडं हात करून ओरडला, "बंद करा ओ ती गाडी! आवाज ऐकू येऊ द्या!"

अण्णांनी चावी काढली.

ताई आणि तिचं लेकरू आम्हाला लिंबाखाली सापडले. तिच्या सासूबाई दुसऱ्या दिवशी दुपारी काढल्या. आम्ही चार दिवसांनी एका ट्रकमधून परत आलो. जावा तिथंच लिंबाला टेकवून ठेवली होती, ती दिवाळीच्या तोंडावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणली. नवी बॅटरी अण्णांनी लातूरहून आणली, स्वतः बसवली आणि नट आवळून झाल्यावर पाना माझ्या हातात दिला, "बग, गच्च हाय का."