दोन खडेबाजारांचे शहर

बेळगावात खडेबाजार दोन आहेत. एक जुन्या बेळगावच्या पेठेतला, दुसरा शहापूरचा. आज दोन्ही एकाच महापालिकेच्या हद्दीत असले, तरी १९४८ पर्यंत ते दोन वेगवेगळ्या राज्यांत होते. बेळगाव इंग्रजांचे आणि शहापूर सांगलीकर पटवर्धनांचे. अंतर जेमतेम मैलाचे, पण कर वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, सावकार वेगळे. शहापुरात सराफ, रंगारी आणि विणकर नांदले. शेजारच्या वडगाव आणि खासबागेतल्या घरांतही माग चालत.

या दोन गावांच्या जोडीला तिसरी वस्ती उभी राहिली ती कॅम्पची. १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने किल्ला घेतला आणि त्याच्या पश्चिमेला छावणी बसली. रुंद रस्ते, बंगले, चर्च आणि १८५६ मध्ये सुरू झालेली सेंट पॉल्स शाळा. पेठेतल्या गल्ल्यांतून बाहेर पडून कॅम्पात शिरले की गाव बदलल्याचे आजही लगेच लक्षात येते.

म्हणूनच बेळगाव एका चौकातून चहूकडे पसरत गेले, असे म्हणता येत नाही. वेगवेगळ्या धन्यांच्या वस्त्या एकमेकींना येऊन भिडल्या आणि त्यांचे शहर झाले. या वस्त्या सांधणारा सर्वांत मोठा दुवा म्हणजे ठळकवाडी, आजची टिळकवाडी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रेल्वे आली आणि रुळांच्या कडेने नवी वस्ती वाढू लागली. इथले पत्ते अजून रेल्वे फाटकांवरून सांगितले जातात: पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट.

या वाढीने एक मोठा उद्योग मात्र गावाबाहेर गेला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर इथेच घडवले. नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे त्यांना कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. बेळगावात उरला तो किर्लोस्कर रोड. लोखंडाचे काम शहरात पुन्हा मोठ्या प्रमाणावर आले ते नंतरच्या पिढ्यांत, उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, यंत्रांचे सुटे भाग आणि हायड्रॉलिक पंपांच्या रूपाने.

टिळकवाडीला देशाच्या नकाशावर नेले ते डिसेंबर १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाने. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. गंगाधरराव देशपांड्यांनी मोकळ्या माळावर 'विजयनगर' उभारले आणि पाण्यासाठी विहीर खणली. तंबू उठले, काँग्रेस विहीर राहिली. शेजारचा काँग्रेस रोड आज शहरातल्या गजबजलेल्या रस्त्यांपैकी एक आहे.

१९०१ च्या जनगणनेत छावणीसह बेळगावची लोकसंख्या ३६,८७८ होती. २०११ मध्ये नुसत्या महापालिका हद्दीत सुमारे ४ लाख ८८ हजार लोक होते. हा फरक केवळ जन्मांचा नाही. शहापूर, वडगाव, अनगोळ अशी गावेच्या गावे शहरात आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि सीमाप्रश्न घरोघरी पोचला. मराठी घरांच्या शेजारी कन्नड, उर्दू, कोकणी, गुजराती, मारवाडी घरे आधीपासून होती. पुढे सरकारी नोकर, महाविद्यालयांतले विद्यार्थी आणि फाउंड्र्यांतले परप्रांतीय कामगार आले. महांतेशनगर, रामतीर्थनगर अशा नव्या वसाहतींनी शहर उत्तर-पूर्वेला पसरले. २०१२ मध्ये हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध उभे राहिले आणि त्या बाजूच्या जमिनींकडे साऱ्यांचे डोळे लागले.

या वाढीचा भार सर्वांत जास्त पडला तो शहराच्या दक्षिणेकडच्या शिवारावर. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या काळ्या जमिनीत बासमती पिकतो. भात निघाले की त्याच वाफ्यांत कडधान्ये आणि भाजीपाला येतो. हलगा-मच्छे बायपासला इथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला आणि कोर्टात दाद मागितली, ती या पिकत्या जमिनीसाठी. पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगला की हीच शेते पाण्याखाली जातात. शहराचे सांडपाणी आणि कचरा त्याच नाल्यात उतरतो. त्यामुळे पुराचा प्रश्न शेतकऱ्याइतकाच शहराचाही आहे.

जानेवारी २०१६ मध्ये बेळगावचे नाव स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आले. रस्ते रुंद झाले, पदपथ, दिवे आले; ही कामे हवीच होती. पण शहापुरात बँक ऑफ इंडियापासून जुन्या पी. बी. रोडपर्यंत रस्ता काढताना भूसंपादनाची रीत नीट पाळली गेली नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये तयार रस्त्याची जागा मालकाला परत करण्याची वेळ महापालिकेवर आली. जनतेचा पैसा तर गेलाच, वर रस्ताही गेला.

शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत रस्ता रुंदीकरणाची बाब अधिकच नाजूक आहे. इथे घर आणि कारखाना एकाच छपराखाली असतो; यंत्रमाग बसलेल्या खोलीची दर्शनी बाजू चार-पाच फूट कापली, तर माग हलवायला दुसरी जागा नसते. विणकराला भिंतीची भरपाई मिळेल, बुडालेल्या रोजगाराचे काय? रुंदीकरणाची रेघ आखण्यापूर्वी त्या गल्लीत माग किती चालतात, भाडेकरू किती राहतात, आषाढात मंगाई देवीच्या यात्रेला किती माणूस येते, हे महापालिकेने मोजले पाहिजे आणि वडगावच्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलले पाहिजे. बायपासचा आराखडा करतानाही त्या शेतांतले पीक आणि नाल्याची वाट आधी विचारात घ्यावी.