दोन दाढांमधल्या फटीची कुळकथा

नाशिकरोडला बिटको चौक कुठे, असं विचारायची वेळ फारशी कुणावर येत नाही. सगळ्या वाटा तिथूनच जातात. शाळा बिटको, कॉलेज बिटको, महापालिकेचं रुग्णालयही बिटको. हे नाव मुळात एका काळ्या दंतमंजनाचं आहे, हे मात्र आताच्या पोरांना सांगावं लागतं. दातांच्या पावडरीच्या नावानं अख्खा परिसर ओळखला जावा, हा मान क्वचितच एखाद्या गावाला मिळाला असेल. मुलांच्या दातांत फिरवायच्या धाग्याचा, म्हणजे फ्लॉसचा, जन्म काही नाशिकचा नाही, पण तो इथल्या घरांत शिरला तेव्हा आधीच कोण बसलं होतं, हे बघायला हा चौक बरा.

आधी बसलं होतं बोट. बदामाची टरफलं जाळून, त्यात मीठ, लवंग, कापूर घालून केलेलं काळं मंजन घरोघरी डबीत असे. गावाकडे सरळ चुलीतली राखुंडी. विकतचं मंजन हे त्यांचंच शहरी भावंड. पोराला मोरीपाशी उकिडवं बसवायचं आणि आजीनं स्वतःचं बोट त्याच्या तोंडात घालायचं. पोर चावणार, आजी ओरडणार, दोघांचे हात काळे. दात पुढून-मागून लख्ख होत. पण दोन दाढा एकमेकींना जिथे टेकतात तिथे बोट पोचणं शक्यच नव्हतं. दातवणाची गतही तीच. सुश्रुतानं बारा अंगुळं लांब आणि करंगळीएवढी जाड काडी सांगितली आहे. तिचं टोक चावून केलेला कुंचला दाताच्या पाठी-पोटावरून फिरतो, बगलेत शिरत नाही. पुढे ब्रश आला, त्यालाही ती बगल साधली नाही.

मधल्या जागेसाठी होतं दातकोरणं. तेही जुनंच आहे. त्याचा सख्खा भाऊ कानकोरणं तर हडप्पाच्या उत्खननात तांब्याच्या संचात, चिमट्याशेजारी सापडला आहे. आपल्याकडे सराफाकडून चांदीचं दातकोरणं-कानकोरणं एकाच कडीत करून घेत. ज्यांना चांदी परवडत नसे त्यांची केरसुणीची हीर, आगकाडी, नाहीतर मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन. त्या पिनेनं किती हिरड्या रक्ताळल्या असतील! शिवाय कोरणं फक्त अडकलेला कण काढतं. चिवड्यातलं डाळं निघालं की माणूस खूश. दाताला चिकटून बसलेला जंतूंचा बुळबुळीत थर तसाच राहतो, आणि कीड लागते ती त्या थरामुळे. कोरणं मोठ्यांचं हत्यार होतं; मुलांना त्याला हात लावू देत नसत, ते बरोबरच होतं. थोडक्यात, लहान मुलाच्या दाढांमधल्या फटीला आपल्या जुन्या संसारात वालीच नव्हता.

धाग्याचं घराणं अमेरिकेतलं. लीवाय स्पिअर पार्मली या न्यू ऑर्लिन्सच्या दंतवैद्यानं 1819 साली दातांच्या निगराणीवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात मेण लावलेला रेशमी दोरा दातांच्या मधून फिरवायला सांगितला. बाजारात तो यायला पुढे साठेक वर्षं लागली: 1882 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कॉडमन अँड शर्टलेफ कंपनीनं बिनमेणाचा रेशमी फ्लॉस विकायला काढला. जखमेचे टाके घालायला रेशीम वापरणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सननं 1898 मध्ये आपल्या फ्लॉसचं पेटंट घेतलं. म्हणजे जे रेशीम आपल्या येवल्यात पैठणीच्या पदरावर मोर होऊन बसत होतं, तेच तिकडे लोकांच्या दाढांत चाललं होतं. दुसऱ्या महायुद्धात रेशीम दुर्मिळ झालं. त्याच काळात न्यू ऑर्लिन्सचेच डॉक्टर चार्ल्स बास यांनी नायलॉनच्या फ्लॉसचा पुरस्कार केला. नायलॉन तुटत नाही, पिंजत नाही, स्वस्तही पडतं. फ्लॉस घरोघरी गेला तो या नायलॉनमुळे.

या सगळ्या वंशावळीत लहान मूल कुठेच नाही, हे लक्षात घ्या. धागा मोठ्यांसाठी निघाला. मुलापर्यंत तो उशिरा आणि चुकीच्या दारानं आला: रंगीत दांडीचे, प्राण्यांच्या आकाराचे फ्लॉस मुलाच्या हातात द्यायचे आणि ‘कर बाळा तुझं तू’ म्हणायचं. इथे 2006 सालचा एक आढावा फार बोलका आहे. फ्लॉस आणि दातांमधली कीड यांवरचे तोवरचे प्रयोग त्यात तपासले होते. शाळेच्या दिवशी रोज प्रशिक्षित माणसानं मुलांच्या दातांत धागा फिरवला, तर सुमारे पावणेदोन वर्षांत किडीचा धोका 40 टक्क्यांनी कमी दिसला. हेच काम दर तीन महिन्यांनी केलं तर फायदा दिसला नाही. आणि किशोरवयीन मुलांनी आपलं आपण केलं तेव्हाही दिसला नाही. 2016 मध्ये ‘फ्लॉसला पुरावाच नाही’ म्हणून वर्तमानपत्रांनी जो गदारोळ केला, त्यात हा तपशील हरवला. धागा नुसता खरेदी करून भागत नाही; तो कुणाच्या हातात आहे आणि रोज आहे का, यावर सगळं आहे. मंजनवाल्या आजीला हे कुणाला आढावा काढून सांगावं लागलं नव्हतं.

म्हणून माझ्या मते मुलाला फ्लॉस ‘शिकवायचा’ म्हणजे आधी कैक वर्षं आपणच करायचा. सुरुवात वयावर नसते, दात टेकण्यावर असते. दुधाच्या पुढच्या दातांत बहुधा मोकळ्या फटी असतात, तिथे घाई नको. मागच्या दोन दाढा साधारण अडीच-तीन वर्षांच्या सुमारास येतात, एकमेकींना टेकतात, आणि कीड लपायला हीच जागा हेरते. रात्री ब्रशच्या वेळी मुलाचं डोकं मांडीवर घ्यायचं, बाळाला न्हाऊमाखू घालताना घेतात तसं. समोरून वाकून तोंडात बघण्यापेक्षा असं मागून जास्त दिसतं. हातभर धागा दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळायचा, अंगठा-तर्जनीत वीतभरही नाही एवढा ताणायचा. करवतीसारखा हळू पुढेमागे करत आत न्यायचा. खटकन ओढला तर हिरडी कापते आणि दुसऱ्या दिवशी मूल तोंड उघडत नाही. आत गेल्यावर एका दाढेला बिलगवून खालीवर पुसायचं, मग दुसरीला. पुढच्या फटीला धाग्याचा नवा तुकडा. दांडीचा फ्लॉस वापरलात तरी चालेल, वळवळणाऱ्या पोरापुढे तोच सोयीचा. फक्त दांडी तुमच्या हातात हवी.

बोटांना ते कौशल्य यायला आठ-दहा वर्षांचं वय उजाडतं. तोवर मुलानं आरशासमोर स्वतः करून बघावं, जरूर. मागाहून आपला हात फिरलाच पाहिजे.

यावर घरात एक आवाज हमखास येतो: ‘दुधाचेच तर दात, पडायचेत.’ पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, कबूल. दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि खालच्या कायमच्या दातांची जागा धरून ठेवतात. त्यात सहाव्या वर्षाच्या आसपास, कुठलाही दात न पडता, सगळ्यात मागे एक नवी दाढ उगवते. काहीच पडलेलं नसल्यामुळे कित्येक आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. ती आयुष्यभराची असते, आणि पुढच्या दुधाच्या दाढेच्या पाठीला घासून वर येते. त्या पाठीवर कीड असेल, तर नव्या दाढेचं पोट तिला थेट लागतं. तेव्हा त्या वर्षी धागा आणखी एक फट मागे न्यायचा.